अण्णांचा डबा

प्रिय सुमे,

ना पत्र ना फोन म्हणून शिव्या घालत असशील, घाल. मी बरी आहे, गुडघे नेमाने दुखतात. पण अण्णांचं जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? बाकीचे म्हणतात, वयच झालं, चालायचंच.

पाऊस सरता सरता गाजरगवत फुललं की त्यांच्या शिंका आणि खाज सुरू, तुला माहीतच. यंदा दुकानातून खाजेची गोळी आणली, वर सर्दीची वेगळी. दोन्हींत क्लोरफेनिरामाइनच, तेच अ‍ॅलर्जीचं जुनं औषध! नावं दोन, रंग दोन, औषध एक. दुपारभर पेंगले, तरी संध्याकाळी स्कूटर काढून मंडईत. (वांगी किडकी, ते नेहमीचंच.) रात्री लघवी अडली. पोट तट्ट फुगलेलं, घामाने निथळतायत, आणि मलाच खोलीबाहेर काढतायत, "काही नाही गं, गॅस आहे." शेवटी दवाखान्यात नळी घातली तेव्हा सुटले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रोस्टेट वाढलेल्याला या जुन्या जातीच्या गोळ्या वाईटच, मूत्राशयाचा जोर कमी पडतो. काचबिंदूवाल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. म्हातारपणी त्यांनी भ्रम होतो, तोल जातो. सेटिरिझिन त्या मानाने बरं, पण गुंगी त्यानेही येते, आणि किडनी मंद असेल तर डोस कमी करावा लागतो. आता फेक्सोफेनाडिन दिलंय, तेही साध्या पाण्याबरोबर. फळांच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलंच जात नाही. आणि सकाळचा मोसंबीचा रस कुणी सुरू करून दिला? तूच! तेव्हा मी विरोध केला तर दोन महिने अबोला धरलास. आता बोल.

माझी झोप उडालीय ती त्या बिस्किटांच्या डब्यामुळे. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून ठेवल्यात, एकीवर नाव नाही, दुसरीवर तारीख नाही. चष्मा न लावता बोटांनी चाचपून गोळी काढतात. ते झोपले की टाकून देता येईल, पण ज्या माणसाने उभ्या जन्मात माझं कपाट कधी उघडलं नाही, त्याच्या कपाटात हात घालवत नाही. समोर मागितला तर, "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

बरं, नातवाला मॉन्टेलुकास्ट, ती दम्या-अ‍ॅलर्जीची गोळी, चालू आहे ना? त्यावर 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक इशारा छापायला लावलाय: चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी दिसली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. सूनबाईला नुसतं लक्ष ठेवायला सांग, घाबरवू नकोस. नव्या घराचं मनापासून अभिनंदन. फोटोत तुझा पडदा भयंकर आहे.

रविवारी अण्णांना फोन कर. डब्याचं नाव काढू नकोस. म्हण, माझ्या सासूबाईंना फार शिंका येतात, तुमच्याकडच्या सगळ्या गोळ्यांची नावं वाचून दाखवा. तुझ्यावर उपकार करायचे म्हटलं की ते स्वतःच डबा घेऊन बसतील, चष्मा लावून. ज्यांची नावं वाचता येणार नाहीत त्या बाजूला काढायला सांग. मी आत स्वयंपाकघरात असेन.

तुझी,
माले