टॅब बदलला की भरलेलं सगळं गायब

संपादक महोदय, स.न.वि.वि.

परवा आई एका अ‍ॅपमध्ये विम्याचा फॉर्म भरत होती, चष्मा लावून एकेक अक्षर शोधत, नाव पत्ता पिनकोड वारसाचं नाव सगळं झालं आणि पॉलिसी नंबर बघायला खालच्या दुसऱ्या टॅबवर गेली, परत येते तर फॉर्म कोरा. अर्धा तास पाण्यात. "माझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणाली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी स्वतः अ‍ॅप बनवतो म्हणून सांगतो, हे टाळणं अवघड नाही. फ्लटरमध्ये, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप बनवायच्या साधनात, टॅब बदलताना जुनं पान काढून नवीन लावलं की आतलं सगळं जातं, त्याऐवजी त्यातलाच इंडेक्स्डस्टॅक नावाचा तयार घटक वापरला तर सगळी पानं जिवंत राहतात आणि दिसतं फक्त एक. मेमरी थोडी जास्त लागते हे खरं, पण चार-पाच टॅबसाठी एवढं चालतं. अँड्रॉइडच्या जेटपॅक नॅव्हिगेशनमध्ये (अ‍ॅपमध्ये एका पानावरून दुसऱ्यावर नेणारी तयार लायब्ररी) तर २०२२ला आलेल्या २.४ व्हर्जनपासून प्रत्येक टॅबची स्थिती वेगळी जपायची सोय आहे. अर्थात दुसरं अ‍ॅप उघडल्यावर मागे गेलेलं अ‍ॅप फोनच्या सिस्टिमनेच बंद केलं तर नुसतं पान जिवंत ठेवून भागत नाही, तिथे ड्राफ्ट फोनमध्ये सेव्ह करायलाच हवा.

अ‍ॅप बाजारात आणायच्या आधी अर्धा फॉर्म भरा, टॅब बदला, परत या, एवढं तरी करून बघा हो. आई आता म्हणते ऑफिसात जाऊन रांगेत उभी राहीन, पण मोबाईलवर परत नाही भरणार.

– एक वाचक, पुणे