आखाजीची वाट पाहू नका

चोपडा
माघ वद्य चतुर्थी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पार्सलमध्ये वरचा डबा नानकटाईचा आहे आणि खालचं बोचकं गोधडीचं. पत्र मुद्दाम डब्याच्या झाकणाला चिकटवलंय, म्हणजे नानकटाईच्या आधी ते हाती लागेल. फोनवर मी मुद्द्यावर आले की बाबा "जेवलीस का?" विचारतात आणि फोन आईकडे देऊन मोकळे होतात. कागदावर तशी सोय नाही.

आधी इकडची खबरबात. थंडी गेली म्हणायला हरकत नाही. खोबरेलाची बाटली आता उन्हात ठेवावी लागत नाही. काल सकाळी तूप मात्र डब्यात घट्टच होतं. परातीत काढून तळहाताने फेसायला घेतलं, तर पहिली काही मिनिटं बोटं बधिर झाली. पण आई, तुझाच नियम आहे ना, नानकटाईचं तूप घट्ट असतानाच फेसायचं? पातळ तूप हवा धरत नाही, मग नानकटाई भट्टीत पसरते आणि वर भेगा काही पडत नाहीत. फेसून फेसून तूप पांढरंशुभ्र झालं, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला तो तरंगला, तेव्हा कुठे पिठीसाखर घातली. मग मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, वेलची, जायफळ. सासूबाईंनी जायफळ किसताना हात जरा सैल सोडलाय, तुला ते पहिल्याच घासाला कळेल. मी काही बोलले नाही.

घरात ओव्हन आहे, तरी बेकरीतच नेलं. लाकडाच्या भट्टीची चव त्या डब्याला कुठून येणार? बेकरीत बायकांची रांग होती, प्रत्येकीची परात वेगळी आणि प्रत्येकीला आपलेच पत्रे आधी आत जायला हवे होते. भट्टीवाला मात्र कोणाचं ऐकत नाही. पाव निघाल्यावर तो अंमळ थांबतो, आच उतरू देतो, मग लांब दांड्याच्या फळीने आपले पत्रे आत सरकवतो. कडक आचेवर नानकटाई वरून लाल होते आणि पोटात कच्ची राहते. तिथे उभी असताना समोरच्या वाड्यातला शेवगा दिसत होता. सगळी फांदी पांढऱ्या फुलांनी लवलेली आणि खाली रस्त्यावर फुलांचा सडा. शेंगा होळीनंतर.

बाबा, शेताचं विचाराल म्हणून लिहिते. वाटेकरी परवा येऊन गेला. गव्हाची ओंबी भरलीय, शेंडे पिवळे पडायला लागलेत. दादर ज्वारी चांगली आहे, कणीस टपोरं आहे, हुरड्याचे दिवस मात्र सरत आले. शेजारच्या केळीला थंडीत चरका बसला होता, आता नवीन पान मोकळं होतंय म्हणे. बांधावरच्या आंब्याला मोहोर भरपूर आहे, पण मधे दोन-तीन दिवस ढग आले आणि तुडतुडे दिसले. फवारणी करायला सांगितलीय. गेल्या रविवारी आम्ही अडावदवरून उनपदेवला गेलो होतो. सातपुड्याच्या बाजूला पळस पेटायला लागलाय. झाडावर पान म्हणून नाही, नुसत्या काळ्या मखमली कळ्या आणि त्यांतून डोकावणारी केशरी चोच. पुरती फुलायला अजून आठवडा-दोन आठवडे लागतील.

नानकटाई घरी आणून निवत ठेवली आणि दुपारी गच्चीवर गोधडी अंथरली. शेवटचे फेरे राहिले होते. आई, खालच्या बाजूला तुझं जांभळं सुती लुगडं आहे, काठाचं, वर माझ्या जुन्या साड्या, आणि पोटात बाबांची धोतरं. आत दिसत नाहीत, पण मऊपणा सगळा त्यांचाच. चारी बाजूंना विटा ठेवून कापड ताणून घेतलं होतं, कडेने धावदोरा घालत घालत मी आत सरकत होते. शेजारच्या जिजी समोरच्या बाजूने घालत होत्या. त्यांचा टाका तांदळाएवढा, माझा गव्हाएवढा. कुठून कोणी शिवलंय ते तुला बघताक्षणी कळेल. खालून सुई चाचपणाऱ्या बोटाची चाळण झालीय. अंगुस्तान घातलं की सुई कळत नाही, नाही घातलं की नको तेवढी कळते. उन्हाला चटका होता, पण नकोसा नव्हता. पायरीवर पाय सोडून बसावंसं वाटेल असं ऊन फाल्गुनातच मिळतं, ते थोडं आधी आलंय.

आता मुद्दा. दादा म्हणाला, तुम्ही आखाजीला, म्हणजे थेट अक्षय्य तृतीयेला यायचं ठरवताय. ते नको. लेकी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, ते सगळं खरं, पण बाबा, वैशाखातलं इथलं ऊन तुम्ही विसरलात का? पारा ४३-४४ वर जातो, रात्री भिंतीसुद्धा गरम लागतात. पुण्याच्या हवेची सवय झालेल्या माणसाला, त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असताना, ते झेपणार नाही. होळीच्या आधी या. आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतील, पळस पुरता फुलेल, बिबड्यांच्या पापडांसाठी दादर भिजत घालायची वेळ येईल. आई, चिकात मीठ किती ते ठरवायला तू लागशीलच. सासूबाई आणि मी दरवर्षी त्यावरून हुज्जत घालतो.

आणि लेकीच्या घरी दोन दिवसांवर राहू नये, हे तुमचं पालुपद मला पाठ आहे. तुमचं इथलं घर बंद पडल्यापासून तिकडे धूळ, कोळिष्टकं, नळाला पाणी नाही. तिथे उतरून कोणाला दाखवायचं आहे? सासूबाईंनी स्वतः निरोप दिलाय, "व्याह्यांना सांग, दुपारच्या पत्त्यांना चौथा गडी कमी पडतो, आणि मला मेंढीकोटात हरायची सवय नाही." याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच द्या. ह्यांनी खालची खोली रंगवून घेतलीय, संडास तिथेच आहे, जिना चढायचा नाही. फुकट राहण्याचा संकोच वाटत असेल तर नातीचं गणित घ्या. अपूर्णांकांवरून घरात रोज रडारड चालते.

महाराष्ट्र एक्स्प्रेसला रात्री पुण्यात बसलात की सकाळी जळगावला उतराल. स्टेशनवर हे गाडी घेऊन येतील, एसटीची धडपड नको. दादाला सांगून खालचे बर्थ आत्ताच काढा, होळीला गर्दी असते. औषधं महिन्याची घेऊन या आणि डॉक्टरांची चिठ्ठीही. आई, तुझा तो पितळेचा सोऱ्या दादाकडे आहे, तोही आण, इथल्या सोऱ्यातून शेव जाड पडते.

नानकटाई वहिनीला आणि मुलांना आधी द्या, बाबांनी रोज एकच खावी. गोधडी एकदा उन्हात टाकून मगच वापरा.

तिकीट काढलं की तारीख कळवा. "बघू" असं कळवू नका.

तुमची
बेबी