अकुन्याला बाहेर काढलं ते बरोबरच होतं, बाबा

ती. बाबा आणि आईस सा. नमस्कार,

परवा फोनवर दादा जे बोलला त्याचं उत्तर मला नीट देताच आलं नाही, तो मध्ये बोलू देत नाही आणि तुम्ही दोघांचंही ऐकून नुसते हसता, म्हणून आता सविस्तर लिहितेय. दादा म्हणतो टीममधला सगळ्यात भारी बॅटर चालू मॅचमधून काढणारा मॅनेजर म्हणजे टीमपेक्षा स्वतःचा इगो जपणारा माणूस. मला हे अजिबात पटलेलं नाहीये, आणि अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकन बेसबॉल टीमचा तेव्हाचा मॅनेजर (म्हणजे कोण खेळणार ते ठरवणारा मुख्य कोच) ब्रायन स्निटकर, त्याच्याबद्दल तर नाहीच नाही.

आधी नेमकं काय झालं होतं ते सांगते, कारण दादाने फक्त क्लिप बघितलीये. 18 ऑगस्ट 2019, रविवार, अटलांटा ब्रेव्ह्ज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स, आपण गेलो होतो तेच स्टेडियम, तेव्हा त्याचं नाव सनट्रस्ट पार्क होतं. रोनाल्ड अकुन्या ज्युनियर तेव्हा 21 वर्षांचा, व्हेनेझुएलाचा पोरगा, आदल्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरलेला आणि त्याच एप्रिलमध्ये 8 वर्षांसाठी 10 कोटी डॉलरचा करार झालेला. त्याने उजव्या बाजूला एक उंच फटका मारला आणि होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्ससारखा) गेलाच असं समजून तिथेच उभा राहून बघत बसला, मग हळूहळू निघाला. बॉल बाहेर गेलाच नाही, भिंतीवर आदळून परत मैदानात आला. त्याच्यासारखा पळणारा माणूस डोळे मिटून दुसऱ्या बेसवर पोचला असता (बेस म्हणजे पळायचे टप्पे, ते सगळे घेऊन परत सुरुवातीला आलं की एक रन), तो पहिल्यावरच थांबला.

बाबा, तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना की एका बेसने एवढं काय बिघडतं, तर दुसऱ्या बेसवर माणूस असला की पुढच्याचा एक साधा सिंगल (मारणारा पहिल्या बेसपर्यंत पोचतो तो फटका) पुरतो रन यायला, पहिल्यावर असला की बहुतेक वेळा नाही पुरत. म्हणजे जे गेलं ते टीमचं गेलं.

स्निटकरने त्याला डगआऊटमध्ये (टीम बसते त्या जागी) जाऊन स्पष्ट विचारलं आणि मॅचमधून काढलं. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही हे दादाला सांगा, म्हणजे राग आला म्हणून दोन ओव्हर बाहेर बसवलं आणि परत बोलावलं असलं काही नसतं, मॅनेजर उरलेली पूर्ण मॅच आपला सगळ्यात मोठा हिटर सोडून देत असतो, आणि समोर डॉजर्ससारखी टीम. मॅच नंतर ब्रेव्ह्जने 5-3 जिंकली, राफाएल ऑर्टेगा नावाच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या खेळाडूने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला, एका फटक्यात चार रन. पण मॅच हरले असते तरी मी हेच म्हटलं असतं. स्निटकर नंतर एवढंच म्हणाला की पळावंच लागतं, आणि जर्सीच्या पुढचं नाव मागच्या नावापेक्षा खूप मोठं आहे. अकुन्यानेही आदळआपट केली नाही, निर्णय मान्य केला. ज्याला शिक्षा झाली त्याला ती मान्य, मग दादाला पुण्यात बसून एवढा त्रास का होतोय.

आणि इगोवाला म्हणतोय तो कुणाला? हा माणूस 1977 पासून ब्रेव्ह्जमध्ये, खेळाडू म्हणून फार काही जमलं नाही, मग वर्षानुवर्षं छोट्या गावांतल्या खालच्या टीम्सना शिकवत राहिला आणि थेट 2016 मध्ये साठीत मुख्य टीमचा मॅनेजर झाला, तोही आधी तात्पुरता. 2021 ला त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची विजेतेपदाची सिरीज, जिंकून दिली, 1995 नंतर पहिल्यांदा. 2025 चा सीझन संपल्यावर त्याने मॅनेजरपद सोडलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पण बाबा, दादाने जो मुद्दा काढायला हवा होता तो त्याने काढलाच नाही. माझ्या मते स्निटकर चुकला, पण ऑगस्टमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये. त्याच वर्षी प्लेऑफची पहिली मॅच, सेंट लुईस कार्डिनल्सशी, नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये ब्रेव्ह्ज 3-1 पुढे, आणि अकुन्याने परत तेच केलं, होमरन समजून बघत राहिला, बॉल भिंतीवर, आणि हा पहिल्या बेसवर. त्यामुळे मिळू शकणारा रन मिळालाच नाही. या वेळी स्निटकरने त्याला खेळू दिलं. अकुन्याने नवव्या इनिंगमध्ये दोन रनचा होमरन मारला हेही खरं, दादा तेच पुढे करेल, पण मॅच 7-6 ने गेली, एका रनने. फ्रेडी फ्रीमन, ओझी आल्बीज, त्याचेच सोबती, त्यांनी पत्रकारांसमोर नाराजी बोलून दाखवली. पुढे पाचव्या मॅचला कार्डिनल्सने पहिल्याच इनिंगमध्ये 10 रन काढले आणि सीझन संपला.

आता लोक म्हणतात 162 मॅचच्या सीझनमध्ये एक मॅच सोडणं परवडतं, पाच मॅचच्या सिरीजमध्ये नाही परवडत. हिशोब म्हणून बरोबर आहे. पण मग ऑगस्टमध्ये जे तत्त्व सांगितलं ते स्वस्त होतं तेव्हाच सांगितलं असा अर्थ होतो ना? जो नियम महाग पडल्यावर गुंडाळून ठेवता तो समोरच्या पोराने का मानावा.

आणि याचा हिशोब 2025 मध्ये निघाला. एप्रिलमध्ये जॅरेड केलेनिकने डिट्टो हेच केलं, होमरन समजून रमतगमत निघाला आणि दुसऱ्या बेसवर आऊट झाला, त्याला कुणी काढलं नाही. अकुन्या तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता, त्याने एक्सवर लिहिलं की मी असतो तर मला मॅचमधून काढलं असतं, मग ते डिलीटही केलं. तुमचा नातू त्या दिवशी अकुन्याची 13 नंबरची जर्सी घालून बसला होता, त्याने मला विचारलं की मग ह्याला का नाही बाहेर काढलं, आणि मला त्याला काहीही सांगता आलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. 2018 मध्ये याच कारणासाठी स्निटकरने एन्डर इन्सियार्टेला काढलं होतं, तोही व्हेनेझुएलाचा. केलेनिक इथलाच, विस्कॉन्सिनचा. मी स्निटकरवर तसला आरोप करत नाहीये, मला तो तसा माणूस वाटत नाही, पण आम्ही बाहेरून येऊन इथे राहणाऱ्यांच्या डोळ्यात हे भरतं, आणि ऑफिसमधल्या माझ्या व्हेनेझुएलन मैत्रिणीच्या तर नक्कीच भरलं. ती ऑगस्ट 2019 लाही चूकच म्हणते. माझं तिच्याशी तिथे जमत नाही. ऑगस्टचा निर्णय योग्य होता, तो पुढे सगळ्यांना सारखा लावला असता तर त्या पोस्टला जागाच उरली नसती.

दादा म्हणाला अशाने स्टार खचतो. 2023 ला याच अकुन्याने 41 होमरन मारले आणि 73 बेस चोरले (म्हणजे कुणी फटका न मारताच पळून पुढचा बेस गाठला), 40 आणि 70 हे एकाच सीझनमध्ये आधी कुणीच केलं नव्हतं, एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला तोही एकमताने, मॅनेजर तोच स्निटकर. कुठे खचला?

आणि बाबा, तुम्हाला तर हे सगळं नवीन नाहीच. 1984 ची दिल्ली टेस्ट आठवा, इंग्लंडविरुद्ध मॅच वाचवायची असताना कपिल आणि संदीप पाटील दोघंही फटका मारायला जाऊन आऊट झाले आणि कलकत्त्याच्या पुढच्या टेस्टला दोघांनाही वगळलं. ईडनवर लोकांनी कॅप्टन गावसकरांना काय काय ऐकवलं, आणि ते तर आजही सांगतात की निर्णय निवड समितीचा होता. कपिल 131 टेस्ट खेळला, मधली ती एकच हुकली. पाटील परत टेस्ट खेळलेच नाहीत, त्यांच्या जागी आलेल्या अझरने पहिल्याच टेस्टला शंभर मारले. मला यातलं कपिलचं पटतं आणि पाटलांचं लागतं, चूक सारखीच असताना एकाला लगेच परत घेतलं आणि दुसऱ्याचं दार कायमचं बंद झालं.

तुम्ही तेव्हा रेडिओला कान लावून असायचात असं आई सांगते. तर मला नीट लिहून कळवा की तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने होतात आणि आज कुणाच्या आहात, आणि हसण्यावारी नेऊ नका. हे पत्र दादाला पूर्ण वाचायला द्या, मधलंच फोटो काढून पाठवू नका त्याला. आईच्या गुडघ्याचा एक्सरे झाला का तेही कळवा, गोळ्या संपत आल्या असतील तर वहिनीला सांगा.

तुमची,
छकुली