तो सुंभ माझ्याकडे आहे

फोंडा, मंगळवार

ती. आई-बाबांस सा. न.

साखळीहून शेवटची बस मिळाली. नीरफणसाची कापं बसमध्येच संपली, डबा रविवारी आणते.

बाबा, तण काढायच्या वीडरच्या डाव्या मुठीवरचा सुंभ शोधत असाल तर तो माझ्या पर्समध्ये आहे. मुद्दाम आणला. लिव्हर दाबून मुठीला करकचून बांधायचा आणि तसंच कुळागरात फिरायचं, हे मला आईकडून कळलं. तुम्ही सांगितलं नसतंत. माडाच्या मुळाला पातं अडकून मशीन उसळलं किंवा शेवाळावर पाय घसरला की मूठ सुटते. ती सुटताच पाती थांबावीत एवढ्यासाठीच तो लिव्हर आहे. बांधून ठेवलात तर तुम्ही पडाल आणि मशीन चालतच राहील. रिव्हर्समध्ये असेल तर तुमच्याच अंगावर.

खरं तर भांडायच्या तयारीने बसले होते. पण लिव्हर दाबून बघितला तर दोन मिनिटांत माझ्याच अंगठ्याला कळ लागली. तुमच्या सांध्यांचं काय होत असेल!

दोष लिव्हरच्या केबलचा. वरची रबरी टोपी कधीच गेलेली, पावसाचं पाणी आत शिरून तार गंजलेली. त्यात दुरुस्तीवाल्याने पट्टा घसरतो म्हणून केबलचा ताण बदलायचा अ‍ॅडजस्टर पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला. लिव्हर दाबला की केबल कप्पी ओढते, पट्टा ताणला जातो आणि पाती फिरतात. केबलच इतकी ओढलेली की लिव्हर सोडला तरी पट्टा थोडा पकडायचा आणि पाती हळूहळू फिरत राहायची. तुमच्या लक्षात आलंच असणार, बोलला नाहीत.

तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा इंजिनाचा स्पार्क प्लग काढला, केबल वरून सोडवली, टोकाला कागदाचा पुंगळा बांधून इंजिन ऑइल थेंबथेंब सोडलं. खालून आधी काळं पाणी आलं, मग तेल. तुमच्या जुन्या स्कूटरवर तुम्हीच शिकवलं होतंत. मग चेकनट सैल करून अ‍ॅडजस्टर आत घेतला. आता लिव्हर सुरुवातीला थोडा मोकळा हलतो, तेवढी ढील हवीच, ती काढू नका. पट्टा पुन्हा घसरला तर तो झिजलाय, बदलायचा. केबल ताणून भागवायचं नाही.

दादाला फोन केला तर हसला. कॅनडात त्याच्याकडे बर्फ फेकायचं मशीन आहे, तेही असंच मागून चालत ढकलायचं. त्यालाही लिव्हर, केबल आणि हीच ढील. मूठ सोडली की बर्फ ओढणारा आतला फिरता स्क्रू पाच सेकंदांत थांबला पाहिजे, नाहीतर तो मशीन वापरत नाही. त्याच्याकडे केबल गोठते, आपल्याकडे गंजते.

तुम्हीही रोज सकाळी एवढं करा: इंजिन चालू, गिअर टाकलेला, लिव्हर न दाबता मागे उभं राहून बघायचं. पातं जरा जरी हललं तर मशीन बंद.

केबलच्या टोकाच्या गोळीपाशी मात्र दोन तारा तुटल्यात. नवी केबल घेऊन रविवारी येते, तोवर कोयत्याने जेवढं होईल तेवढंच. प्लगच्या भोकात चिंधी कोंबलीय. प्लग आईकडे आहे, तांदळाच्या डब्यात शोधू नका, जागा बदललीय.

आई, मागितला तरी देऊ नकोस.

तुमची,
बाय