गाडीचं नाक वर करण्याआधी

भांडुप, मुंबई
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

फोटो पाहिला. पांढरी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप तुझ्या दारात उभी पाहून ऊर भरून आला रे. पण खाली तू लिहिलंस, "पुढून बसल्यासारखी दिसते, अडीच इंची स्पेसर टाकून सपाट करून घेतो." स्पेसर म्हणजे गाडी उचलायला शॉकअपपाशी घालतात ती जाड चकती, पण तिचं प्रकरण फोनवर आटपण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी पुढून बसलेली नाही. कंपनीनेच तिचा मागचा भाग उंच ठेवलाय. हौद्यात वजन पडलं की मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, दबतात आणि तेव्हा ती सपाट होते. रिकामी असतानाच सपाट केलीस, तर भरल्यावर मागे टेकेल आणि नाक आभाळाकडे जाईल. मी तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं.

गणपतीच्या आधी एका दुकानात शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर बसवून घेतले. गाडी देखणी दिसायला लागली, मीही खूश. पुढच्या आठवड्यात गावच्या ओट्यासाठी सिमेंटची सहा पोती हौद्यात टाकली, म्हणजे तीनशे किलो, आणि पेणहून वाडीतल्या पाच घरांच्या शाडूच्या मूर्ती घेतल्या. माणगाव सोडल्यावर समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायला लागला. मी तर लो बीमवरच होतो. शेवटी गाडी बाजूला घेऊन उतरलो, तेव्हा दिसलं की माझा उजेड रस्ता सोडून पलीकडच्या सागाच्या शेंड्यांवर पडलाय. दोन तास मी लोकांच्या डोळ्यांत लाईट मारत आलो होतो. पुढे कशेडीच्या वळणांवर स्टिअरिंग असं हलकं लागत होतं की तळहाताला घाम सुटला. बायको शेजारी गप्प बसली होती, आणि ती गप्प असते तेव्हा तिला भीती वाटत असते, हे मला माहीत आहे.

परत आल्यावर दुसरी चूक. मागे बसते ना, मग मागे एक जादा पाटा घातला. पुढच्या वर्षी सिमेंट नव्हतं, फक्त मूर्ती. हलक्या गाडीत ते कडक पाटे दबेचनात. वडखळच्या खड्ड्यांवर हौदा उडत राहिला, पेंढ्यात नीट बसवूनही एका मूर्तीच्या मनगटाला चीर गेली. खेडच्या एका मूर्तिकाराने रातोरात सांधून रंग दिला. पण काकूंकडे मूर्ती पोचवताना माझी मान वर होत नव्हती. ती चीर मला अजून दिसते.

म्हणून सांगतो, दुकानात जाण्याआधी टेप घे. सपाट जागा, टाकी भरलेली, टायरची हवा बरोबर. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांपाशी मोज. जमिनीपासून मोजू नकोस, टायरमुळे फरक येतो. माझ्या गाडीला पुढे ५१ सेंटिमीटर आणि मागे ५६ भरले होते. मग नेहमी जेवढं सामान नेतोस तेवढं भर आणि परत मोज. मागचा आकडा किती उतरतो, त्यावरून ठरव पुढे किती उचलायचं ते. अर्धा-पाऊण इंच मागे उंच राहू दे, ते दिसायला वाईट नाही.

आणि हे नीट वाच. या गाडीत पुढची स्प्रिंग चाकावर नसते, चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर, म्हणजे आर्मवर, आतल्या बाजूला टेकते. त्यामुळे शॉकअपच्या डोक्यावर एक इंचाचा स्पेसर टाकला की चाकापाशी गाडी जवळजवळ दुप्पट उचलली जाते. दुकानदार "अडीच इंच" म्हणतो तेव्हा तो स्पेसरची जाडी सांगतोय की उचल, हे तोंडावर विचार. जास्त उचललंस तर आर्म कायम खाली झुकलेला राहतो. बॉल जॉइंट आणि एक्सलचे जॉइंट, म्हणजे चाकाजवळचे हलते सांधे, तिरक्या कोनात काम करतात आणि त्यांच्यावरचे रबरी बूट फाटतात. स्पेसर स्प्रिंगखाली घालून ती जादा दाबून बसवतात, तोही प्रकार मला पटत नाही, चाक खड्ड्यात पडताना गाडी खाडकन वाजते. पैसे असतील तर वजनाला जुळणाऱ्या नव्या स्प्रिंग आणि त्यांच्याच जोडीचे शॉकअप घे. खर्च जास्त, पण गाडी गाडीसारखी चालते.

मी शेवटी जादा पाटा काढला. पाट्यांवर हवेच्या बॅगा बसवल्या, सामान असलं की भरायच्या, नसलं की कमी करायच्या. पुढे चाकापाशी फक्त एक इंच उचललंय. गेल्या गणपतीत सगळ्या मूर्ती अखंड पोचल्या.

काम झाल्यावर अलाइनमेंट लगेच कर, टो, कॅम्बर, कॅस्टर हे चाकांचे तिन्ही कोन. आरटीओ आणि विम्याचंही आधी विचारून घे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. बुलबारचं, म्हणजे पुढच्या लोखंडी गार्डचं, मनातून काढ, त्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि नाकावरचं वजन उगाच वाढतं.

पुढच्या रविवारी भांडुपला ये. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर जागा सपाट आहे. अंधार पडला की लो बीम लावून उजेडाची कड खडूने भिंतीवर आखून ठेवू, मग काम झाल्यावर परत तिथेच उभी करून जुळवता येईल. माझ्या जुन्या खुणा अजून आहेत तिथे, पाऊस लागत नाही त्या कोपऱ्याला. टाकी भरून ये, आणि वहिनींना घेऊन ये. आई अळूवड्या करणार आहे.

तुझाच,
दिन्या