जेजेला स्वतःचा आवाज निवडू दिलात, त्याबद्दल

प्रिय स्कॉट सिल्व्हेरी, मायका फाउलर, ईव्हा स्वीनी आणि ‘स्पीचलेस’ची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

स्कॉट, तुम्ही निर्माण केलेली ही अमेरिकन विनोदी टीव्ही मालिका: २०१६ ते २०१९, ६३ भाग. मालिका संपून वर्षं लोटली, तरी पहिल्या भागातला एक प्रसंग आजही घसा दाटून आणतो.

जेजे हा चाकाच्या खुर्चीतला, बोलू न शकणारा मुलगा; त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा विकार आहे. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या नव्या शाळेत त्याला मदतनीस मिळते. त्याने डोक्यावरच्या लेझरने तक्त्यावर शब्द दाखवायचे, तिने ते मोठ्याने वाचायचे. पण आवाज बारीक, गोडगोड. वयात आलेल्या पोराचं बोलणं त्या आवाजात ऐकलं की त्याचा सगळा रुबाबच जातो. मग तो स्वतःच ठरवतो की शाळेच्या आवाराची देखभाल करणारा केनेथ आपला आवाज होईल. तेवढ्या निवडीसाठी तुमचे मनापासून आभार. इतरत्र हा आवाज मोठी माणसंच ठरवतात, मुलाला कुणी विचारतही नाही.

तक्ता वाचणं सोपं नाही. ‘मला नको’ हे ‘मला नको’ असंच वाचायचं, ‘त्याला नकोय’ असं नाही. अर्ध्या शब्दावर अंदाज बांधून वाक्य पुरं करायचं नाही. अंदाज चुकला की त्या मुलाला सगळं पहिल्यापासून दाखवावं लागतं आणि मान आणखी थकते. सेरेब्रल पाल्सीत स्नायू अनेकदा आखडतात, म्हणून ठिपका अक्षरावर स्थिरावेपर्यंत थांबायचं. रकाने अरुंद असले की शेजारचंच अक्षर वाचलं जातं. कडक उन्हात ठिपका दिसतच नाही, तेव्हा तक्ता सावलीत घ्यायचा. मराठी तक्त्याला तर अख्खी बाराखडी मावत नाही. व्यंजनं एकीकडे, काना-मात्रा-वेलांट्या दुसरीकडे आणि पाय मोडायला वेगळा रकाना लागतो.

त्याच भागात शाळा जेजेला कचरा न्यायच्या उतारावरून आत यायला सांगते आणि त्याची आई भडकते. तिचं बरोबर आहे. उताराचं माप १:१२, म्हणजे ३० सेंटिमीटर चढायला ३.६ मीटर लांबी. हे गणित अवघड नाही. तरी कित्येक इमारतींचा उतार इतका उभा असतो की खुर्ची मागून ढकलल्याशिवाय चढतच नाही, आणि तो बांधणारे वर आपण सोय केली म्हणून मिरवतात.

मायका, तुम्हाला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे, पण तुम्ही बोलता. जेजे बोलत नाही. त्याचं गप्प राहणं तुम्ही अभिनयातून उभं केलंत. तुमच्या आधी, २००९ मध्ये सुरू झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेत चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी धडधाकट नटाने केला होता. आपल्याकडच्या पडद्यावरही बहुतेकदा तेच चालतं. ‘तसा नट मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनी शोधलं किती, हे एकदा सांगावं.

ईव्हाताई, तुम्ही स्वतः लेझर आणि तक्त्याने बोलता, आणि सल्लागार म्हणून तुम्ही तिथे होतात. म्हणूनच तो तक्ता शोभेची वस्तू वाटला नाही. जेजे त्यावरून टोमणे मारतो, भावाशी भांडतो. मोठ्यांनी बनवलेल्या तक्त्यांवर पाणी, जेवण, संडास, धन्यवाद एवढंच असतं. भांडायचे शब्द कुणी लिहीतच नाही. तुमची मालिका पाहिलेल्यांनी तरी आता एक रकाना ‘गप्प बस’साठी ठेवावा.

आपले कृतज्ञ,
तक्ते बनवणारे आणि वाचणारे