शटडाऊनची सूचना चावीवाल्याला विचारून लिहा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : महापालिकांकडून रहिवाशांना दिल्या जाणाऱ्या सूचनांसाठी बंधनकारक कार्यपद्धती ठरवण्याबाबत

मा. महोदय,

राज्यातल्या २९ महापालिका रोज काही ना काही जाहीर करत असतात. कुठे पाणी बंद असते, कुठे रस्ता बंद असतो, कुठे झाड तोडण्यावर हरकती मागवलेल्या असतात, कुठे विकास आराखड्यात फेरबदल होत असतो. यातली बरीच माहिती ज्या गल्लीसाठी असते त्या गल्लीपर्यंत पोचतच नाही, आणि पोचली तरी तोवर तिचा उपयोग संपलेला असतो. आमची मागणी एकच आहे. सूचना हा कामाचाच भाग मानावा. तिचा मजकूर जागेवरच्या कर्मचाऱ्याला विचारून ठरावा, आणि ती रहिवाशांपर्यंत गेल्याची नोंद झाल्याशिवाय शटडाऊनला (दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायला) किंवा खोदाईला परवानगी मिळू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, आपल्या खात्याचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

पाणीपुरवठ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याची झळ सगळ्यात जास्त घरांना बसते. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. प्रसिद्धिपत्रकाचा साचा पुणेकरांना पाठ आहे : अमुक जलकेंद्राच्या अखत्यारीतल्या भागाचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील व शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल, याची नागरिकांनी नोंद घ्यावी. त्याखाली भागांची लांबलचक यादी असते आणि यादीच्या शेवटी ‘व परिसर’.

पाणी मात्र पेठांच्या आणि उपनगरांच्या नावांप्रमाणे वाहत नाही, ते टाकी आणि व्हॉल्व्हप्रमाणे वाहते. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूला एका टाकीचे पाणी असते आणि उजव्या बाजूला दुसऱ्या. यादीत नाव आहे म्हणून अर्धी वस्ती विनाकारण पिंपे भरून ठेवते आणि ‘व परिसर’मध्ये मोडणारी वस्ती सकाळी कोरड्या नळापुढे उभी राहते. कोणता व्हॉल्व्ह बंद केला की कोणत्या सोसायट्या, कोणते वाडे, कोणती नळकोंडाळी (सार्वजनिक नळ) कोरडी पडतात हे नेमके एकाच माणसाला माहीत असते, तो म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा त्या भागातला चावीवाला. त्याच्या वहीत नाही तर डोक्यात ती यादी असते. प्रसिद्धिपत्रक तयार होताना त्याला कुणी विचारत नाही. मजकूर कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात जुन्या पत्रकावरून उतरवला जातो, वर अधीक्षक अभियंत्याकडे जातो, तिथून जनसंपर्क विभागात आणि मग वर्तमानपत्रांकडे. या सगळ्या प्रवासात त्यात एकाही गल्लीची भर पडत नाही.

म्हणून पहिली सूचना. प्रत्येक महापालिकेने व्हॉल्व्हनिहाय यादी एकदा करून घ्यावी. चावीवाल्याला सोबत घेऊन कनिष्ठ अभियंत्याने फिरायचे. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्यायचा आणि त्यासमोर त्यावर अवलंबून असलेल्या इमारती व गल्ल्या लिहायच्या. नवीन नळजोड दिला की त्याच दिवशी यादी दुरुस्त करायची. हे काम कंटाळवाणे आहे हे आम्ही जाणतो, पण ते एकदाच करायचे आहे. पुढे चावीवाला निवृत्त झाला तरी माहिती महापालिकेकडे राहते, हा त्याचा मोठा फायदा.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘उशिरा व कमी दाबाने’ यामागचे तांत्रिक कारण खरे आहे, ते लोकांना सांगितले पाहिजे. मोठी जलवाहिनी रिकामी झाली की तिच्यात हवा भरते. ती परत भरताना व्हॉल्व्ह सावकाशच उघडावा लागतो. घाईने उघडला तर कोंडलेल्या हवेने आणि पाण्याच्या दणक्याने जुने सांधे फुटतात. एअर व्हॉल्व्हमधून हवा जाऊ द्यायची, वॉशआऊटमधून (वाहिनी धुण्यासाठीच्या निचऱ्याच्या तोंडातून) गढूळ पाणी सोडून द्यायचे, मग टाकीची पातळी वाढायची वाट पाहायची आणि मगच वितरण. टाकीजवळच्या घराला सकाळी सातला पाणी आले तर त्याच लाइनच्या शेवटच्या टोकाला ते दुपारी येते. दोघांना एकच वाक्य सांगून भागत नाही. सुरुवातीचा भाग आणि शेवटचा भाग अशा दोन वेळा द्याव्यात.

काम लांबते कशामुळे हेही ठरलेले आहे. लोखंडी वाहिनीला वेल्डिंग करायचे तर जागा कोरडी लागते. वाहिनी बंद करणारा जुना स्लूस व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, पाणी झिरपत राहते, खड्ड्यात उपसा पंप चालू असूनही वाहिनी रिकामी होत नाही. आठ तासांचे काम चौदा तासांवर जाते. जागेवरच्या अभियंत्याला हे दुपारीच कळलेले असते. रहिवाशांना ते दुसऱ्या दिवशी नळ सोडल्यावर कळते. त्यामुळे कामाच्या तीन टप्प्यांवर अद्ययावत सूचना बंधनकारक करावी : वाहिनी रिकामी झाली तेव्हा, दुरुस्ती संपली तेव्हा आणि वाहिनी भरायला घेतली तेव्हा. काम रद्द झाले तर तेही त्याच क्रमांकाच्या सूचनेखाली सांगावे. रद्द झाल्याचा निरोप न मिळाल्यामुळे मागवलेले टँकर फुकट जातात.

हे टँकर किती मोठे प्रकरण आहे ते एका हिशेबात दिसते. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. वीस सदनिकांची इमारत, घरटी चार माणसे, म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर. जवळपास एक मोठा टँकर. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत एक दिवसाचा साठा असेल तर दोन दिवस आधी कळल्यावर ती टाकी भरून ठेवता येते, टँकर लागतच नाही. आदल्या रात्री कळले तर गावभर एकाच वेळी टँकरची मागणी होते आणि भाव टँकरवाला सांगेल तो. त्यातच महावितरणचेही देखभालीचे काम पुष्कळदा गुरुवारीच असते. पाणी आले आणि वीज नाही, म्हणजे खालच्या टाकीतले पाणी वर चढत नाही. दोन्ही यंत्रणांनी वेळा एकत्र पाहून मगच जाहीर कराव्यात.

बंद पुरवठ्यानंतर पहिले पाणी कसे वापरावे हे सूचनेत कधीच नसते आणि आरोग्याच्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचे. वाहिनीत दाब नसताना गळक्या सांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून मैलापाण्याची लाइन जात असेल तर धोका उघड आहे. अशा वेळी कुणी थेट नळावर मोटार लावली तर ओढ आणखी वाढते. गढूळपणा जाईपर्यंत पहिले पाणी सोडून द्यावे, पिण्याचे उकळावे, मोटार लावू नये, एवढी तीन वाक्ये हवीतच. अवशिष्ट (पाण्यात शिल्लक राहिलेले) क्लोरीन ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. ते तपासण्याच्या क्लोरोस्कोप या साध्या उपकरणाच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळी छटा दिसते. ही तपासणी आरोग्य निरीक्षकाने शेवटच्या टोकाच्या दोन-तीन घरांत करून निकाल त्याच सूचनेखाली लिहावा.

एक नमुना देतो, म्हणजे आम्हाला काय हवे ते स्पष्ट होईल. व्हॉल्व्ह, टाकी आणि वेळा केवळ उदाहरणादाखल आहेत.

‘सूचना क्र. १४. व्हॉल्व्ह ७ व ८. गुरुवारी सकाळी ९ ला पाणी बंद होईल. शाळेच्या गल्लीतल्या सर्व इमारती, मारुती मंदिरामागचे वाडे आणि दवाखान्याजवळचे नळकोंडाळे कोरडे राहील. रस्त्याच्या पूर्वेकडच्या इमारतींचे पाणी चालू राहील. शुक्रवारी टाकीजवळच्या घरांना सकाळी ७ ते ९, शेवटच्या टोकाला दुपारी १२ ते २. पहिले गढूळ पाणी भरू नका, पिण्याचे उकळा, नळाला मोटार लावू नका. पुढची माहिती गुरुवारी दुपारी ४ ला याच क्रमांकाखाली. जबाबदार अधिकारी : कनिष्ठ अभियंता, संपर्क क्रमांक.’

आता ही सूचना पोचवायची कशी. सध्या बहुतेक पत्रके सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून फिरतात. ते चित्र असते, त्यात मजकूर नसतो. शोधल्यावर आपल्या गल्लीचे नाव सापडत नाही आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनला ते वाचूनही दाखवता येत नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये सुलभ स्वरूपातल्या माहितीची तरतूद आहे. युनिकोड मराठीत साधा मजकूर टाकला की हा प्रश्न तिथेच मिटतो. सहीची प्रत कार्यालयात ठेवावी.

एसएमएसचा उपाय नेहमी सुचवला जातो. तो निम्माच उपयोगी आहे. मिळकतकराच्या नोंदीत क्रमांक असतो तो मालकाचा. मालक दुसऱ्या शहरात, घरात भाडेकरू, आणि निरोप जातो मालकाला. म्हणून इमारतीचा पत्ता धरून नोंदणी हवी, ज्यात भाडेकरूलाही आपला क्रमांक जोडता येईल. सोसायटीत लिफ्टजवळच्या फलकावर छापील कागद हवा. वस्तीत तो नळकोंडाळ्यावर, रेशन दुकानात आणि महापालिकेच्या दवाखान्यात लावावा. घंटागाडी रोज दारात येते आणि तिच्यावर भोंगा असतो. त्यावरून त्या गल्लीची सूचना सांगायला जादा खर्च येत नाही.

रस्तेखोदाईबद्दल थोडक्यात. कामाच्या जागी फलक असावा हे सर्वमान्य आहे, पण त्यावर ठेकेदाराचे नाव आणि रक्कम असते, रहिवाशाला हवे ते नसते. चर कधी बुजवणार, डांबर कधी पडणार, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते तो काळ) कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि रस्ता खचला तर कुणाला सांगायचे, या चार ओळी हव्यात. दोषदायित्वाची तारीख लोकांना माहीत असली तर खचलेला चर ठेकेदाराच्या खर्चाने दुरुस्त होतो, नाहीतर तो पुन्हा महापालिकेच्या तिजोरीतून होतो.

झाडांच्या बाबतीत १९७५ चा वृक्ष संरक्षण अधिनियम स्पष्ट आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीबरोबरच झाडावर दर्शनी भागी नोटीस लावावी लागते. प्रत्यक्षात एक साधा कागद लागतो, बऱ्याचदा भिंतीकडच्या बाजूला, आणि एका पावसात शाई उतरते. नोटीस प्लास्टिकच्या आवरणात, रस्त्याकडच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, दोरीने बांधलेली असावी (खिळा ठोकू नये) आणि हरकतीची अंतिम तारीख त्यावर मोठ्या अक्षरांत हवी.

कायद्याचा आधार शोधावा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ (४) मध्ये माहिती प्रसारित करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातले सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घ्यावे असे म्हटले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. क्षेत्रसभा नियमित भरली तर व्हॉल्व्हची यादी बरोबर आहे का, फलकावरची तारीख पाळली गेली का, हे तिथेच पडताळता येईल. ती भरत नाही, ही आमची गंभीर तक्रार आहे.

शेवटी पुराबद्दल, कारण तिथे सूचनेतली त्रुटी जिवावर बेतते. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली. खडकवासला धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याचा विसर्ग वाढवत सुमारे ३५ हजार क्युसेकवर नेला होता. आधी कळले नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती, आणि कोणी कोणाला कधी कळवले यावर नंतर बरीच चर्चा झाली. पण समजा तो आकडा वेळेवर हाती आला असता, तरी घरातल्या माणसाने त्याचे काय करायचे? ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर. यावरूनही पाणी आपल्या पार्किंगमध्ये येणार की पहिल्या मजल्यावर, हे कळत नाही.

जलसंपदा विभागाकडे प्रत्येक विसर्गाची वेळेसह नोंद असते. नदीकाठच्या इमारतींच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या ओल्या खुणा आहेत. दोन्ही जुळवून प्रत्येक इमारतीचा तक्ता करता येतो. कोणत्या विसर्गाला पाणी संरक्षक भिंतीला लागते, कोणत्याला पार्किंगमध्ये येते, कोणत्याला मीटरच्या खोलीत शिरते. प्रत्येक पातळीपुढे काय करायचे तेही लिहावे : गाड्या उंच रस्त्यावर न्या, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, मुख्य स्विच पाडा, तळमजल्यावरच्या वृद्धांना हलवा. पात्रात गाळ किंवा भराव पडला की तोच विसर्ग जास्त उंच चढतो, म्हणून तक्ता दरवर्षी तपासावा लागेल. विसर्ग वाढवताना जलसंपदा विभागाने क्युसेक कळवावेत आणि प्रभाग कार्यालयाने तक्त्यावरची पातळी सांगावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ठरावीक भागातल्या सगळ्या मोबाइलवर इशारा देता येतो, त्यासाठी क्रमांकाची नोंदणी लागत नाही. रात्रीच्या विसर्गासाठी ती वापरावी, आणि फोन शांत असेल त्या घरासाठी भोंगा फिरवावा.

निळ्या पूररेषेच्या (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत असलेल्या प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराशी हा तक्ता १ जूनपूर्वी लागावा, असा आदेश आपण सर्व महापालिका आयुक्तांना द्यावा. व्हॉल्व्हच्या यादीला सहा महिन्यांची मुदत द्या, पुराच्या तक्त्याला देऊ नका.

आपले,
पाणीपुरवठा व रस्ते विभागांतून निवृत्त झालेले काही अभियंते आणि प्रभागात काम करणारे नागरिक, पुणे